विस्कॉन्सिनमधलं थायलंड आणि सुमनची विळी

अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्ग गावातली मुलं हल्ली सुट्टीत थायलंडला जातात आणि तिथल्या चाकू-सुऱ्या घडवणाऱ्या जुन्या गावांचे फोटो टाकतात. परवा एकीनं विचारलं, "काका, तुम्ही पाहिलंय का असलं गाव?" म्हटलं, पाहिलंय की, विस्कॉन्सिनला! ती हसली. पण ऐंशीच्या दशकात मी खरोखरच एका जत्रेच्या मैदानावर तिकीट काढून थायलंडचं चाकूंचं गाव पाहिलंय. तुम्हाला असल्या 'गावांची' हौस असेल तर आधी हे वाचा.

माझी बायको सुमन नर्स. तिच्या नोकरीमुळं आम्ही अमेरिकेत आलो. माझं शिक्षण शाळा सुटेपर्यंतचं, बाकीचं इंग्रजी मी छापखान्यात कामाला असताना खोक्यांवरचा मजकूर वाचून शिकलो. एका हिवाळ्यात ती हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये बर्फावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण पकड गेली. सुरी धरली की हातातल्या हातात फिरायची. विळीवर मात्र दोन्ही हातांनी भाजी रेटता येते, मनगटावर भार नाही. त्या विळीच्या जिवावर तिचं स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं.

मग आम्ही शहाण्यासारखं विळीचं पातं एका दुकानात धार लावायला दिलं. तिथल्या साहेबांनी ते मशीनवर निळं पडेपर्यंत घासलं आणि वर "लाइक न्यू!" म्हणून पाठ थोपटली. स्वतःचीच. दुसऱ्या दिवशी दुधी चिरताना धार मुडपली. पात्याचं पाणी उतरलं होतं. लोखंड लाल करून पाण्यात बुडवलं की जो कडकपणा येतो, तो त्या मशीनच्या उष्णतेनं पार गेला होता.

चिराचिरी माझ्याकडं आली. माझ्या हातचा कोबी म्हणजे गुरांपुढं टाकायचा कडबा. सुमन आधी हसायची, मग ओरडायची, मग तेही थांबलं. "आज काय करू गं?" विचारलं की टीव्हीवरची नजर न हलवता म्हणायची, "करा काहीतरी." जिनं आयुष्यभर मला मिठाच्या बरणीला हात लावू दिला नाही, तिचं हे 'काहीतरी'!

अशात आमचे डॉक्टर मित्र जत्रेच्या जाहिरातीचा एक रंगीत कागद घेऊन आले. "यार, थायलंडचे खरे लोहार येतायत. वीकेंडला ड्राइव्ह करून जा."

शनिवारी सकाळी निघालो. दशम्या, लसणाची चटणी, थर्मासात चहा आणि डिकीत टॉवेलात गुंडाळलेली विळी. टोलनाक्याच्या टोपलीत नाणी फेकत शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याची हद्द गाठली. पुढं नुसती मक्याची शेतं आणि चीजच्या पाट्या. "उगाच गॅस जाळताय," सुमन म्हणाली. पण आरशात बघून केस नीट केले, हे मी पाहिलं.

आता गावाचं वर्णन ऐका. डांबरावर पसरलेला पेंढा, प्लायवूडच्या चार झोपड्या, प्लॅस्टिकची नारळाची झाडं. एका झोपडीत नूडल्स मिळत होत्या. त्यावर पीनट बटर आणि केचप. ज्यानं हा पदार्थ शोधला त्याला तोच रोज खायला घालावा. आणि घणांचा आवाज? तो होता, दणदणीत होता. फक्त लाउडस्पीकरमधून येत होता. कॅसेट! दोरीपलीकडं भाता, ऐरण आणि थंडगार भट्टी मांडलेली, आणि तिच्याशेजारी थायलंडहून आणलेला खराखुरा लोहार रेशमी कपड्यांत हात बांधून बसलेला. सासरच्या मांडवात रुसलेल्या जावयासारखा.

टी-शर्टवर 'ॲस्क मी' लिहिलेल्या बाईंना मी विचारलं, "भट्टी का पेटवत नाही?"

"सर, फायर परमिट नाही. सेफ्टी!"

"मग चाकू कसे बनवतात ते कसं कळणार?"

"हे माहितीपत्रक घ्या ना! हॅव अ नाइस डे!"

बाहेर हिरवळीवर लोक बर्गर भाजत होते. धूर असा की डोळे चुरचुरावेत. तिथं परमिट लागत नव्हतं. मांस भाजायला आग चालते, लोखंड तापवायला नाही. कायदा करणाऱ्यांची अक्कल ओवाळून टाकावी.

सुमननं तोवर टॉवेल सोडून विळी दोरीपलीकडं धरली होती. लोहाराची बायको उठली, टोकाच्या खवणीचे दाते बोटानं चाचपले आणि खदखदून हसली. घोड्यावर बसल्यासारखी खाली बसून तिनं नारळ खवायची नक्कल करून दाखवली. त्यांच्याकडं खवणी बैठकीलाच लावलेली असते म्हणे. कामापुरतं इंग्रजी तिला येत होतं. सुमननं पातं दाखवलं, मग मनगट दाखवलं. लोहारानं नखानं धार तपासली, तोंड वाकडं केलं आणि हिरवळीवरच्या ग्रिलकडं बोट केलं. "लंच," तो म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं पातं पाटावरून सोडवलं आणि कोळशात खुपसलं. शेजारच्या कुटुंबाकडून मी हवेची गादी फुगवायचा पायपंप मागून आणला आणि भाता म्हणून दाबत बसलो. कोळसा पेटला, पातं तांबूस व्हायला लागलं, आणि 'ॲस्क मी' बाई धावत आल्या.

"सर, ग्रिल फक्त फूडसाठी आहे!"

पंपावरचा माझा पाय थांबला. पातं अर्धं तापलं होतं आणि हे थांबलं तर पुन्हा 'करा काहीतरी'. सुमननं शांतपणे शेजाऱ्यांच्या टोपलीतलं मक्याचं कणीस त्यांना विचारून उचललं आणि पात्याशेजारी ठेवलं.

"धिस इज लंच," ती नर्सच्या आवाजात म्हणाली. "प्लीज, पेशंटला त्रास देऊ नका."

बाईंनी कणसाकडं पाहिलं, पात्याकडं पाहिलं. नियमात कणीस बसत होतं. त्या गेल्या.

"अहो, पंप दाबा! बघत काय बसलात?" सुमन माझ्यावर ओरडली. कित्येक महिन्यांनी ओरडली.

लाल पातं बादलीत बुडालं आणि चर्रर्र झालं. अख्ख्या जत्रेतला तेवढा एक खरा आवाज. मग लोहारानं ते ठिसूळ राहू नये म्हणून जरा शेक देऊन निवू दिलं आणि पिशवीतल्या दगडावर धार काढली. मी पाकीट काढलं तर त्याच्या बायकोनं ते खाली दाबलं आणि दशमीकडं बोट दाखवलं. चटणीसकट साऱ्या दशम्या तिथंच संपल्या. आम्ही परतीच्या वाटेवर चीज खात आलो. रबर चावल्यासारखं.

तर थायलंडला जाणाऱ्यांनो, जरूर जा. पण हात हलवत फोटो काढायला जाऊ नका. घरातलं बोथट झालेलं काहीतरी बरोबर न्या, म्हणजे समोरच्या माणसाशी बोलायला विषय तरी राहील. आणि कॅसेटवर घण वाजत असतील तर तिकिटाचे पैसे परत मागा. मी मागितले नाहीत, ही चुटपुट अजून आहे.

घरी पोचल्यावर सुमननं पाय धुतले, पाट मांडला, एक गुडघा मुडपून बसली आणि कोबीचा गड्डा पात्यावर टेकवला. दोन्ही हातांनी रेटला. सुतासारखा कोबी परातीत पडायला लागला. मी कौतुकानं वाकून बघत होतो.

"झालं ना बघून?" ती म्हणाली. "आता बाहेर व्हा माझ्या स्वयंपाकघरातून. आणि त्या मिठाच्या बरणीला हात लावलात तर याद राखा."