खिळा क्रमांक एकशेसतरा

सदर इसम नामे बिरू वल्द खंडू, वय वर्षे एकाहत्तर, उंची पाच फूट चार इंच, रंग सावळा, ओळखखूण हनुवटीखाली डावीकडे कोळशाचा निळा व्रण, व्यवसाय सेवानिवृत्त खाण कामगार, बत्तीघर विभाग, हा आज रोजी समक्ष हजर राहिला असून तो हयात असल्याची खात्री करून घेण्यात आली आहे. कायमचा पत्ता: क्वार्टर नंबर सदतीस, मजूर लाईन, कोळसा खाण वसाहत, चांदा.

पेन्शन चालू राहावी म्हणून दर नोव्हेंबरात असा दाखला द्यावा लागतो. त्यातलं हयातीचं कलम खरं आहे. पत्त्याचं तसं नाही. बिरू निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी खाणवाल्यांच्या लक्षात आलं, की भुयारं पोखरत बसण्यापेक्षा वरूनच जमीन उघडली तर कोळसा स्वस्त पडतो. वरती वसाहत होती. मग वसाहत उचलली, शाळा उचलली, मारुतीला वाजतगाजत नव्या जागी नेलं, आणि खोदलं. सदतीस नंबरचं क्वार्टर जिथं होतं तिथं आता दोनशे फूट खोल खड्डा आहे. म्हणजे बिरूचा कायमचा पत्ता सध्या हवेत आहे. पत्ता बदलून मिळावा असा अर्ज त्यानं दोनदा केला. उत्तर आलं नाही. जुन्या पत्त्यावर गेलं असावं.

प्रत्यक्षात तो राहतो परभणी तालुक्यात, पिंगळी स्टेशनापासून पायी अर्ध्या तासाच्या वाडीत. घर बापाच्याच जागेवर. बाप मेंढक्या. शंभरावर मेंढरं, आणि मोजायचा कधीच नाही. "मेंढरं मोजायची नसत्यात, बगायची असत्यात. कोन न्हाई ते आपुआप दिसतं," म्हणायचा. बाहत्तरच्या दुष्काळात बघायलाही काही उरलं नाही, तेव्हा अठरा वर्षांचा बिरू गावच्या दोघांबरोबर चांद्याकडं गेला आणि जमिनीखाली उतरला. सहा वर्षं त्यानं भुयारातल्या रुळांवरच्या लोखंडी डब्यांत कोळसा भरला. मग एक डबा पायावरून गेला, पाय आखूड झाला, आणि साहेबांनी त्याला वर बत्तीघरात बसवलं. तिथं तो पस्तीस-छत्तीस वर्षं बसला.

बत्तीघराचं काम सांगायला सोपं. भिंतीवर मोठी फळी, फळीवर खिळे, प्रत्येक खिळ्यावर एक पितळी बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. खाली जाणाऱ्यानं आपला बिल्ला काढून खिशात घालायचा आणि डोक्याची बत्ती घ्यायची. वर आल्यावर बत्ती द्यायची, बिल्ला खिळ्यावर. रिकामा खिळा म्हणजे तो माणूस जमिनीखाली आहे असे समजण्यात येईल, असं फळीच्या माथ्यावर तीन भाषांत रंगवलेलं होतं. वाचता येणारे तेव्हा थोडे होते, पण समजत सगळ्यांना होतं.

घोटाळा व्हायचा तो एकाच प्रकारे. मानवतकडचा भुजंग नावाचा गडी एकदा वर आला, बत्ती दिली, आणि बिल्ला खिशात तसाच ठेवून निघून गेला. पाळी सुटली, दोनशेबाराचा खिळा रिकामा. सहा माणसं परत खाली उतरली. चार तास भुजंगच्या नावानं हाका मारल्या. मॅनेजर आला, डॉक्टर आला, कुणीतरी नारळ बोलला. भुजंग त्या वेळी तंबूतल्या सिनेमात पहिल्या रांगेत झोपला होता. दुसऱ्या दिवशी त्याला मारायला पहिला हात कुणाचा यावरून त्या सहा जणांत भांडण झालं. बिरूनं मात्र त्यातून एक नियम घेतला तो कायमचा: माणूस खाली शोधण्याआधी वर शोधा.

बत्तीघर बंद झालं तेव्हा बिल्ले पोतं भरून भंगारात निघाले. बिरूनं साहेबाला विचारून आपला एकशेसतरा उचलला, आणि मग दुपारभर त्या पोत्यात हात घालून बसला. एकशेअठरा सापडल्यावरच उठला. मुलासाठी आणि सुनेसाठी हाताला लागले ते घेतले.

वाडीत आल्यावर त्यानं ओट्याच्या भिंतीवर फळी ठोकली. चार खिळे, चार बिल्ले. शेतात जा, दुकानात जा, बिल्ला बरोबर न्यायचा, आलं की टांगायचा.

"जलमभर नंबरात काढली, आता घराला बी नंबर," भिवराबाई, म्हणजे बिरूची बायको, तेव्हा म्हणाली होती. "म्या काय मेंढरू हाय व्हय, गळ्यात घुंगरू बांधायला?"

"घुंगरू न्हाई. एकशेअठरा हाय."

"मंग एकशेसतरा कुटं हाय?"

"तुज्या शेजारी."

यावर तिनं "लय शानं हाव" एवढंच म्हटलं, आणि बिल्ला पदराच्या गाठीत बांधला. परत आल्यावर तो टांगायची मात्र ती दहात नऊ वेळा विसरायची. तेव्हा ते विसरणं म्हणजे नुसता हट्ट होता.

ते विसरणं वेगळं आहे हे दोन वर्षांमागं कळलं. चहात साखर दोनदा पडायला लागली. सून बबिता आधी डबा वरच्या फळीवर ठेवायची. मग म्हातारी स्टूल घेऊन चढायला लागली, म्हणून डबा पुन्हा खाली आला. बिरू तो चहा तसाच प्यायचा. भिवराबाई कधी तेलुगूत बबिताला हाक मारायची, कारण मजूर लाईनीत तिची शेजारीण तेलंगणातली होती आणि चिंचेचं पातळ कालवण तिच्याकडूनच शिकलेली. कधी संध्याकाळी विचारायची, "आज शेगड्या कामून पेटल्या न्हाईत गं?" वसाहतीत दिवेलागणीला प्रत्येक दारापुढं दगडी कोळशाची शेगडी धुरत ठेवलेली असायची; धूर निघून गेला की आत न्यायची. साऱ्या लाईनीवर त्या वेळी अशी निळी चादर पसरायची की शेजारीण शिव्या देते आहे की जेवायला बोलावते आहे, ते आवाजावरूनच ठरवावं लागे. बबिताकडं गॅस होता. ती म्हणायची, "पेटतेत की आत्याबाई, आत्ता." आणि गॅस पेटवायची.

तीन शेळ्या तेवढ्या भिवराबाईनं कधी विसरल्या नाहीत. दुपारभर रुळाच्या कडेनं चारायची आणि तीनच्या सुमारास घेऊन यायची.

त्या मंगळवारी चार वाजता बिरू माळावरून आला, आपला बिल्ला टांगला, आणि त्याला शेजारचा खिळा दिसला. रिकामा.

"शेळ्या आल्या का?"

"मगाशीच. बांधल्यात," आतून बबिता म्हणाली.

"आन् तुजी सासू?"

बबिता पीठ भरल्या हातानं बाहेर आली. "हितंच व्हत्या की मामा. चूल... गॅसपाशी काईतरी करायल्या व्हत्या. म्या मागं ज्वारी पाकडायले व्हते."

पिंगळीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा मुलगा सुरज नेमका तेव्हाच घरी आला. ऐकलं तसा त्यानं गाडी वळवली. "मोठ्या रस्त्याला गेली आसंल. ट्रका चालल्यात तिथं. बा, मी जातो."

"थांब."

"थांब काय? विहिरी हायेत, रूळ हाय."

"आदी वर बघू," बिरू म्हणाला.

सुरजला हा नियम पाठ होता आणि त्याचा मनस्वी राग होता. पण आखूड पायाचा बाप घरात शिरलाही होता. बिरूनं खाटेखाली पाहिलं, न्हाणीत पाहिलं, कडब्यामागं पाहिलं. मग स्वयंपाकघरात आला. पातेलं गॅसशेजारी होतं, गाळणीत चहाचा ओला चोथा होता. पातेल्याला हात लावला, कोमट. साखरेचा डबा उघडा. खुंटीवरची ॲल्युमिनियमची किटली नव्हती.

"सुरज, मगा मालगाडीचा भोंगा झाला का?"

"गाड्यांचे भोंगे काय... झाला आसंल. कोळशाची गाडी उभी हाय ना स्टेशनात, परळीची. क्रॉसिंगला."

बिरूनं फळीवरचा एकशेसतरा काढून खिशात घातला. बाहेर जाताना काढायचाच असतो. "चल. स्टेशन."

ती तिथंच होती. फलाटाच्या टोकाला, छप्पर संपतं तिथं, तारेच्या कुंपणाला टेकून बसलेली, मांडीवर किटली, किटलीवर पदर. पुढ्यात काळी मालगाडी उभी. वारा सुटला की वाघिणींवरून बारीक भुकटी उडत होती आणि साऱ्या फलाटाला तो वास होता, जो बिरूनं चाळीस वर्षं अंगावरून धुतला आणि कधी निघाला नाही.

स्टेशनातला सिताराम तिच्यापासून चार हातांवर उभा होता, म्हैस अंगावर येईल की काय अशा बेतानं. "तुमच्याच हायेत का? अर्धा घंटा झाला. उटा म्हणलं तर म्हंत्यात, पाळी सुटली न्हाई. म्या म्हणलं माजी पाळी आठला सुटती. तर म्हंत्यात, तुजी कोन इचारतंय."

सुरज पुढं झाला. "माय, चल घरी."

भिवराबाईनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, अनोळखी माणसाकडं बायामाणसं पाहतात तसं, आणि पदर नीट केला. "आमचे मालक खाली हायेत. ते आल्याबिगर मी येत न्हाई."

"माय, मी सुरज."

"आसा की. मी कुटं न्हाई म्हणायले."

सुरजनं तोंड फिरवलं आणि उगाच सितारामला विचारलं की गाडी किती वाजता सुटणार.

बिरू तिच्या शेजारी खाली बसला. बसताना आखूड पायामुळं कण्हला. तिनं त्याच्याकडं पाहिलं. पांढरे केस, वाकलेली पाठ. तिच्या आवाजात माया आली.

"बाबा, तुमचं बी पोरगं खाली हाय व्हय?"

बिरूनं आखूड पाय हातानं सरळ केला. "हाव," म्हणाला. "लय येळ झाला त्याला."

"यील. फिकीर करू नगा. आमचे बी अजून आले न्हाईत. पायऱ्या लय हायेत ना." तिनं किटली चाचपली. "च्या गार व्हायलाय निस्ता."

"तुमचा कितवा खिळा?"

"मला वाचता येत न्हाई बाबा. पर तिसरी वळ, सातवा. तो भरला की मी च्या वतते. तवर आपलं लक्ष खिळ्यावर."

तेव्हाही ती अशीच किटली घेऊन बसायची, त्या पहिल्या सहा वर्षांत. खाणीचा भोंगा झाला की कुंपणाबाहेर बायांची रांग, प्रत्येकीचे डोळे फळीवर, आणि खिळा भरला की एक-एक बाई रांगेतून उठायची. कोण रडत नसे, कोण हसत नसे. उठणं हीच बातमी. बिरूला हे माहीत होतं, पण तो तेव्हा खालून येत असे. त्या रांगेत तो आज पहिल्यांदाच बसला होता.

तो उठला. लंगडत फलाटावरच्या खोलीपाशी गेला. भिंतीवर वाळूच्या लाल बादल्या टांगायचे आकडे होते. बादल्या दोनच होत्या, आकडे चार. त्यानं एका वाघिणीच्या कडेवरून बोटं ओढली आणि ती कपाळावरून, गालावरून फिरवली. मग खिशातून एकशेसतरा काढून आकड्यावर टांगला. पितळ लोखंडाला लागलं, बारीक टण् झालं.

भिवराबाई उठली.

सरळ त्याच्याकडं चालत आली, किटली दोन्ही हातांत धरून. समोर उभी राहून त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"किती हो उशीर," म्हणाली. "आन् तोंड तरी धुवून यावं मान्सानं."

"गर्दी व्हती नळावर."

"तुमची रोजच गर्दी." तिनं किटलीच्या झाकणात चहा ओतला. तो गार होता आणि पाकासारखा गोड होता. बिरूनं झाकणभर पिऊन पुन्हा मागितला. मग ती सुरजकडं वळली, अगदी नेहमीच्या आवाजात. "आन् तू हितं काय करायलास? मोटारी कोन भरायलंय तिकडं?"

सुरजनं गाडीला किक मारली. ती लागायला तीन वेळा मारावी लागली.

दुसऱ्या दिवशी त्यानं परभणीहून कुलूप आणलं, मोठं, सात लिव्हरचं. जेवण झाल्यावर बापापुढं ठेवलं. "बा, आज स्टेशन व्हतं. उद्या रूळ आसंल. दुपारचं दार बंद ठिवायचं. मला काय हौस न्हाई."

"माईत हाय तुला हौस न्हाई."

"मंग?"

"खाणीत बी मान्साला कुलूप न्हाई लावत. दार उगडं, आन् कोन कुटं हाय ते ठावं पाहिजे. बस."

"ते ठावं कसं ऱ्हाईल? तिला बिल्ला टांगायचं ध्यान ऱ्हातंय का?"

"तिला तिच्या बिल्ल्याची फिकीर कवाच नव्हती," बिरू म्हणाला. "माज्या बिल्ल्याची व्हती."

त्यानं फळीवरचा एकशेसतरा काढला, भिवराबाई भांडी घासत होती तिथं गेला, आणि तिच्या पदराच्या गाठीत, एकशेअठराच्या शेजारी, तो बांधला. गाठ जड झाली. तिनं ओल्या हातानं चाचपून पाहिली.

"ह्ये काय?"

"मी वर हाय. ह्यो बग."

"दिसतंय की," ती म्हणाली. पण हात तिथून लगेच काढला नाही.

तेव्हापासून शेळ्यांमागं दोघं जातात. बिरू मागं राहतो. मेंढक्याचा पोरगा आहे, मोजत नाही, बघतो. भोंगा झाला की ती थबकते, गाठीला हात लावते, दोन्ही नग मोजल्यासारखी बोटं फिरवते आणि पुढं चालू लागते. एकदा-दोनदा स्टेशनाच्या वाटेला लागली. तेव्हा बिरूही बरोबर गेला, कोळशाची गाडी सुटेपर्यंत दोघं बसली, आणि सितारामनं स्वतःहून बादलीचा एक आकडा मोकळा ठेवला. सुरजचं कुलूप वाया गेलं नाही. ते शेळ्यांच्या खोपीला लागलं, कारण शेळ्यांना खरोखरच भरवसा नव्हता.

यंदाच्या नोव्हेंबरातही बिरू समक्ष हजर राहिला. कारकुनानं फॉर्म भरताना वर न बघता विचारलं, "पत्नी?"

"हयात."

"पत्ता तोच?"

"तोच," बिरू म्हणाला. आता सांगण्यात अर्थ नव्हता.

घरी ओट्यावरची फळी अजून आहे. सुरज आणि बबिता आपापले बिल्ले इमानानं काढतात, टांगतात. एकशेसतरा आणि एकशेअठरा हे दोन खिळे मात्र रात्रंदिवस रिकामे असतात. नियमाप्रमाणे दोन्ही इसम जमिनीखाली असून त्यांच्या शोधार्थ तातडीने माणसे पाठवणे आवश्यक आहे.

दोन्ही इसम चार वाजता त्या फळीखाली बसून चहा पितात. चहात साखर दोनदा पडलेली असते.