शपथेआधीचं बोलणं

बाबांच्या दहाव्याच्या दिवशी माझ्या मोबाईलवर कोर्टाचा मेसेज आला. बाबांच्या दाव्यात एक अर्ज दाखल झाला होता.

दावा शेलार गावच्या वडिलोपार्जित जमिनीचा. काकांनी वाटणी न करताच ती गोदामवाल्याला दिली, म्हणून बाबा भिवंडीच्या कोर्टात गेले. आपला हिस्सा मागायला लाज कसली, असं ते येईल त्याला सांगत. आता दावे ऑनलाइन दाखल होतात. टेमघरला माझ्या घरी बसून सगळे सातबारे आणि फेरफार मीच स्कॅन केले, पानांना आकडे घातले. बाबांना मेसेज वाचता येत नसत, म्हणून नंबरही माझाच दिला. भावाला हे ठाऊक नव्हतं. तेव्हा त्याला दाव्यात रसच नव्हता.

दाव्यासोबत बाबांच्या शपथेचा व्हिडिओ जोडायचा होता. तो मी वकीलबाईंच्या ऑफिसात काढला. खालच्या पॉवरलूमचा आवाज येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

"मोबाईलकडं बघू का तुझ्याकडं?"

"मोबाईलकडे, बाबा."

"त्याच्याकडं काय बघायचं? तो काय माझा जावई हाय?"

वकीलबाईही हसल्या. मग बाबांनी माझ्याकडेच बघून शपथ घेतली. ती चालेना, पुन्हा काढावी लागली. पहिली मी पुसली नाही.

दहाव्याची माणसं गेल्यावर मी भावाला विचारलं, "अर्ज कसला रे?"

"वारस म्हणून नाव लावायचा. तुला कोणी सांगितलं?"

"मेसेज आला."

"बरं. धावपळीत बोलायचं राहिलं."

वारस म्हणून माझेही कागद लागतील, म्हणून दुसऱ्या दिवशी आधार कार्ड घेऊन मी वकीलबाईंकडे गेले. त्यांनी ते हातात घेतलं नाही.

"ताई, मला वाटलं तुमचं बोलणं झालंय."

अर्जात वारस एकच होता. सोबत बाबांचं प्रतिज्ञापत्र होतं आणि व्हिडिओ. मी बघायला मागितला, तेव्हा त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

आमच्याच घरची बाहेरची खोली. बाबा आजारपणात उतरलेले, सदरा तोच. सुरुवातीचं बोलणं कोणी कापलं नव्हतं.

"हे तिला कळंल काय?" बाबांनी विचारलं.

"तिला कशाला कळतंय? तुम्ही बोला," हा भावाचा आवाज.

मग बाबा सरळ मोबाईलकडे बघून बोलले. माझ्या मुलीने तिचा हिस्सा राजीखुशीने सोडलेला आहे. एकदाही अडखळले नाहीत. मोबाईलकडे बघायचं मीच त्यांना शिकवलं होतं.

हिस्सा सोडतेस का, असं मला कोणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी मागितला असता तर मी दिलाही असता. निदान तेव्हा दिला असता. आता ते नक्की सांगता येत नाही. भावाचा राग करणं सोपं आहे, तो मी करते. पण ते वाक्य बाबांचं आहे. तिला कळंल काय, एवढीच त्यांना काळजी होती.

मी दुसरा वकील केला. हरकत टाइप केली, स्कॅन केली, दाखल केली. बाबांनी शपथेवर सांगितलेलं खरं नाही, असं त्यात लिहावं लागलं. भाऊ बोलत नाही. दावा चालू आहे.

पहिला, चुकलेला व्हिडिओ अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. त्यात बाबा माझ्याकडे बघतात.