मी न वाचता सही केली

बायांनो, एक विचारायचंय.

आमची मासे विकायची जागा उठवणार म्हणून आज मी नि सासूबाई बाकी बायांबरोबर मोर्च्याला गेलो. पोलिसांनी गाडीत घालून चौकीवर नेलं. माझी तान्ही भुकेने रडत होती. चौकीतल्या पोलीस मॅडम एक कागद पुढे करून म्हणाल्या, "सही कर नि घरी जा." बचत गटाच्या हजेरीला करते तशी मी फुली मारलेल्या जागी सही केली.

सासूबाई अडून बसल्या. "मला वाचता येत नाय. आधी वाचून दाखवा."

मॅडमनी वाचलं. परत मोर्च्याला येणार नाही, असं लिहिलेलं.

"हे मी बोललेच नाय, सही कशी करू?"

सासूबाईंनी सही केलीच नाही. तरी आम्हाला बरोबरच सोडलं. माझ्या कागदावरही तेच असणार.

परवा परत मोर्चा आहे. मी गेले तर तान्हीसकट आत घालतील काय? त्या कागदाची नक्कल मागितली तर देतात काय? कोणाला माहीत असेल तर सांगा.