दुसऱ्याच्या आईचे शब्द

सोमवार, दिनांक ९ नोव्हेंबर. या दिवशी सकाळी, दुकाने उघडण्याच्या सुमारास, एका बलाढ्य तंत्रज्ञान कंपनीमुळे एका चाळिशीतल्या माणसाची वाचा गेली. पूर्वसूचना दिली गेली नाही, दिलगिरी व्यक्त झाली नाही. कंपनीने आपल्या कृतीला 'भागीदारीविषयक धोरणाची अंमलबजावणी' असे नाव दिले. ही नोंद येथे मुद्दाम केली आहे, कारण कंपनीच्या दफ्तरी ती सापडणार नाही.

तो माणूस कोपऱ्यावरच्या लाँड्रीत काउंटरवर बसतो. जन्मापासून त्याला बोलता येत नाही. ऐकू मात्र इतके लख्ख येते की ड्रायरच्या घरघरीतही कुणी त्याच्याविषयी कुजबुजले तर त्याच्या भुवया वर जातात. त्याच्यापुढे एक टॅबलेट असे. त्यावर चित्रांच्या चौकटी. चौकटीवर बोट ठेवले की यंत्र ते वाक्य मोठ्याने म्हणे. वाक्ये त्याची स्वतःची, वर्षानुवर्षे एकेक करून घातलेली. "शर्ट आजच हवाय," असे कुणी गुरकावले की टॅबलेट शांतपणे उत्तर देई, "मग कालच मळवायचा होता." कॉलरवरचा लाल डाग पाहून तो विचारी, "हे घरी माहीत आहे का?" त्याच्याशी हुज्जत घालून कुणी जिंकल्याचे ऐकिवात नव्हते, म्हणून सारी गल्ली त्याला वकील म्हणे.

लाँड्री चालवते त्याची थोरली बहीण. वकील तिला अक्का म्हणतो, म्हणून गल्लीचीही ती अक्काच. वाफेने तिचे हात कायम तांबूस झालेले असतात. तिच्या कामाची एक शिस्त आहे: कपडा पाण्यात जाण्याआधी रिकामा झाला पाहिजे. खिसे उलटे करायचे, बटणे सोडायची, बाह्या उलगडायच्या, मग पाणी. "आधी सगळं बाहेर काढा, मग धुवा," हे ती उठताबसता सांगते. या शिस्तीने तिला आयुष्यात कधी दगा दिला नव्हता.

काही दिवसांपासून ते बोलके ॲप अडखळू लागले होते. वकील चौकट दाबे आणि टोमणा बाहेर पडे तो गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेल्यावर. त्या सोमवारी सकाळी अक्काने हातातली इस्त्री बाजूला ठेवली आणि मळक्या शर्टाचे जे केले असते तेच टॅबलेटचे केले. ॲप पार काढून टाकले. आता स्वच्छ करून पुन्हा बसवायचे, एवढेच बाकी होते. ती कंपनीच्या ॲप-दुकानात शिरली. ॲप तिथे नव्हते.

झाले होते ते असे. ॲप बनवणारे एक साधे नवरा-बायको होते. कंपनी आपल्या दुकानातल्या प्रत्येक विक्रीतून घसघशीत वाटा घेते. या दोघांनी आपल्या संकेतस्थळावर लिहिले की पैसे थेट आमच्याकडे भरलेत तर ॲप स्वस्त पडेल. कंपनीला हे झोंबले. तिने त्या सोमवारी पहाटे ॲप दुकानातून उचलले. दोघे पुढे कोर्टात गेले. ज्यांच्या यंत्रात ॲप आधीपासून होते त्यांचे चालू राहिले. अक्काने मात्र नेमके त्याच सकाळी ते स्वतःच्या हाताने पुसले होते. ॲपबरोबर वकिलाची सगळी वाक्येही गेली. चूक तिच्या हातून झाली हे खरे. परंतु कपडा धुऊन दोरीवर टाकायला जावे आणि कुणी दोरीच कापून न्यावी, यात धुणाऱ्याचा दोष कितीसा?

वकिलाने कोरी काच दोन-तीनदा दाबून पाहिली. मग टॅबलेट पालथा ठेवून तो आत टॉवेलांच्या घड्या घालायला निघून गेला.

"अरे, मी काय मुद्दाम केलं का? इकडे बघ ना!"

त्याने बघितले नाही. पाणी हवे, भूक लागली, डोके दुखते, हे तो हातवाऱ्यांनी सांगू शके. भांडायला, चिडवायला आणि विचारपूस करायला हातवारे पुरत नाहीत. गिऱ्हाइके आता त्याला ओलांडून थेट अक्काशी बोलू लागली. "बरा आहे ना तो?" असे त्याच्यासमोरच तिला विचारू लागली.

अक्काने कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "आपली गैरसोय आम्ही समजू शकतो, मॅडम."

"तुम्ही समजू नका हो. ते ॲप द्या."

"ते आमच्या हातात नाही."

"काढलं तुम्हीच ना? मग काढताना बरं हातात होतं!"

पलीकडून संगीत सुरू झाले.

मग तिने कंपनीच्या पानावर, ग्राहक आपली मते मांडतात तिथे, सगळी हकीकत लिहिली. मते लगोलग आली. एकाने लिहिले, "कंपनीचं दुकान, कंपनीचे नियम." दुसऱ्याने, "मला तर कधीच काही त्रास झाला नाही." तिसऱ्याने दुसरे यंत्र घेण्याचा सल्ला दिला. कुणी कोर्टात कोण जिंकणार यावर पैज मारायला निघाला. अक्का आतल्या आत जळत वाचत राहिली. एका परक्या बाईने मात्र मत दिले नाही, प्रश्न विचारला: "तुमचा भाऊ काय काय बोलायचा?"

तेवढ्या प्रश्नाने अक्काच्या डोळ्यांत पाणी आले. आठवतील तेवढे टोमणे तिने लिहून पाठवले.

पुढच्या रविवारी ती बाई बसने, दुसऱ्या गावाहून, लाँड्रीत येऊन उभी राहिली. दंतवैद्याकडे मदतनीस होती. "दिवसभर लोकांना 'आ करा' सांगते, म्हणून स्वतः कमी बोलते," असे म्हणत तिने पिशवीतून साडीत गुंडाळलेला टॅबलेट काढला. तिच्या आईचा. पक्षाघातानंतर आई त्याच ॲपवर बोलत असे. ती गेल्यापासून टॅबलेट कपाटात बंद होता.

"इंटरनेटला जोडू नका," बाई म्हणाली. "जोडलं की हे लोक काय उचलून नेतील, नेम नाही."

वकिलाने एक चौकट दाबली. "किती वाळलीस गं!" टॅबलेट अक्काला म्हणाला. दुसरी दाबली: "मला भूक नाही, तुम्ही जेवा." इतक्यात एक गिऱ्हाईक आत येऊन वकिलाशी मोठमोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलू लागले. वकिलाने शोधून चौकट दाबली: "हळू बोल, मी बहिरी नाही."

गिऱ्हाईक चपापले, मग पोट धरून हसले. अक्काही किती दिवसांनी हसली. पाहुणी मात्र भिंतीला टेकली होती.

"आई असंच म्हणायची. याच आवाजात."

अक्का म्हणाली, "तुम्हाला जड जात असेल तर परत न्या हो. आमचं आम्ही बघू." तिला ते बोलवत नव्हते, तरी बोलली. वकिलाने स्वतःच टॅबलेट काउंटरवरून त्या बाईकडे सरकवला.

बाईने त्यावर हात ठेवला. मग टॅबलेट परत वकिलाकडे ढकलला.

"माझ्या कपाटात ती गप्प बसली होती. इथे निदान भांडेल तरी."

वकिलाने आईची एकही चौकट पुसली नाही. शेजारी नवे पान उघडले आणि चुकत-माकत पहिले वाक्य घातले. ते ऐकायला बाईला बस चुकवावी लागली. वाक्य होते: "मावशी, तुमचे कपडे आमच्याकडे जन्मभर फुकट."

कोर्टाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. कंपनीकडून न्यायाची अपेक्षा ठेवण्याचे वय उलटले आहे. परंतु त्या बाईचे ऋण मानावे तितके थोडे, आणि तिच्यासारखी माणसे आणखी असतील, असा विश्वास तिनेच दिला आहे. म्हणून वाचकहो, मागणी एकच आहे. घरातली कपाटे आणि खण आज उघडून पाहा. आपल्या गेलेल्या माणसाचे असे बोलके यंत्र सापडले तर ते भंगारात देऊ नका, इंटरनेटला जोडू नका. ज्याची वाचा अडली आहे अशा माणसाला शोधा आणि ते त्याच्या हाती नेऊन द्या.