कॉमेटची अर्धीच गोष्ट

मला विमानाची भीती वाटते. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. लातूरच्या शिकवणीवर्गांत उभा जन्म भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस विमान का उडतं हे फळ्यावर सिद्ध करून दाखवतो आणि त्यात बसायच्या नुसत्या विचारानं त्याच्या तळहातांना घाम फुटतो, हे सांगायला तोंड उघडत नाही. तोंड उघडलं नाही म्हणून माझी थोरली बहीण, अक्का, गेली. त्यामुळे हे लिहिणं धड प्रवासवर्णन होईल की नाही, मला ठाऊक नाही. लातूरहून नांदेडला गेलो, नांदेडहून विमानात बसलो, परत आलो. प्रवास एवढाच.

निमित्त बारशाचं होतं. अक्काच्या मुलीला, भाग्यश्रीला, बंगळुरात मुलगी झाली. दाजींना एकट्याला यायला जमणार नाही म्हणून तिनं माझंही तिकीट काढलं. फोनवर म्हणाली, "मामा, आईनं केलं तसं करू नका. या वेळी हट्ट चालणार नाही."

मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला.

लातूरच्या स्टँडवर नांदेडची बस लागलीच होती. खिडकीची जागा मिळाली. शेजारी औशाच्या एक बाई बसल्या. माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला निघालेल्या. माझ्या खिशातल्या दोन पेनांकडं बघून म्हणाल्या, "सर दिसताव तुम्ही. कुठं निघालाव?"

"नांदेडला. तिथून बंगळूरला."

"रेल्वेनं?"

"विमानानं."

"अगं बया!" त्यांनी पदर सावरला, जणू मी तिथंच उडणार होतो. "भ्या न्हाई वाटत?"

"त्यात कसलं भ्या," मी म्हणालो. इतक्या वर्षांची सवय. अनोळखी बाईपुढंही सुटली नाही.

"आमच्या देवीच्या पायऱ्याच बऱ्या बघा. दम लागला की बसता तरी येतंय."

अहमदपूरला बस थांबली तेव्हा त्यांनी मला डब्यातलं सुशीला (चुरमुरे भिजवून पोह्यांसारखे फोडणीला टाकतात ते) खाऊ घातलं. शेंगदाणे भरपूर, मिरची त्याहून भरपूर. पुढं लोह्यापर्यंत दोन्ही बाजूंना काढणी झालेली सोयाबीनची रानं, मधेच तुरीच्या हिरव्या पट्ट्या, बांधावर एखादं लिंबाचं झाड. रस्ता आता चांगला झालाय. चांगल्या रस्त्यावर गाड्या जोरात जातात. समोरून ट्रक आला की मी पुढच्या सीटचा दांडा धरत होतो.

अक्का रस्त्यावरच गेली. भाग्यश्री तेव्हा मुंबईत नोकरीला होती. तिथंच तिचा साखरपुडा ठरला होता. दाजी सामान घेऊन आधीच रेल्वेनं गेले होते. आईनं आयुष्यात एकदा विमानात बसावं म्हणून पोरीनं हौसेनं अक्काचं आणि सोबतीला माझं तिकीट पाठवलं. आम्ही ते रद्द करायला लावलं. रेल्वेचं रिझर्व्हेशन मिळेना, तेव्हा ट्रॅव्हल्सनं निघालो. बीडच्या पुढं, उजाडता उजाडता, आमची बस उभ्या ट्रकवर गेली. माझा खांदा निखळला. अक्का माझ्या शेजारीच होती.

घरात सगळ्यांनी एकच धरलं: अक्कानं हट्ट केला. विमानात बसणार नाही म्हणून अडून बसली. मी ते ऐकून घेतलं. अजूनपर्यंत ऐकूनच घेत होतो.

गोदावरीचा पूल ओलांडून बस नांदेडात शिरली. दाजी घ्यायला आले होते. मूळचे भोकरकडचे शेतकरी. रान वाट्यानं दिलंय आणि आता नांदेडच्या घरात एकटेच राहतात. मला बघताच म्हणाले, "या सर! बायको लातूरला ठिवून आलाव, आता भ्यायचं कारणच न्हाई."

आमच्याकडं मेहुण्याची थट्टा करायचा दाजींना हक्कच असतो. तरी त्या शब्दानं मी दचकलो.

संध्याकाळी त्यांनी मला गुरुद्वाऱ्यात नेलं. पांढऱ्या संगमरवरावर अनवाणी पाय थंड पडले. लंगरमध्ये पंगतीला बसलो. दोन्ही हातांच्या ओंजळीत रोटी घ्यायची, वरून डाळ, शेवटी खीर. वाढणारा शीख तरुण अस्सल नांदेडी मराठीत म्हणाला, "घ्या की काका, लाजून राहिले का?" दाजी म्हणाले, "त्यांचं पोट भरलंय बाबा, उद्या इमानात बसायचंय." शेजारचे हसले. मीही हसलो.

घरी आल्यावर दाजींनी अक्काच्या फोटोचा हार बदलला. बदलताना फोटोशी बोलले, "चाललो बाई तुझ्या नातीला बघायला. ऐकली असतीस तं तू बी असतीस." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "रोज म्हणतो मी तिला हे. लई हट्टी बाई."

सकाळी रिक्षानं विमानतळावर गेलो. नांदेडचा विमानतळ लहान आहे, पण तपासणी मोठी. दाजींनी लेकीसाठी डिंकाचे लाडू घेतले होते. ते सुखरूप पार झाले. मग यंत्रातून त्यांची चंची (पान-सुपारीची कप्प्याची पिशवी) गेली आणि सगळं थांबलं.

"बाबा, हे काय हाय?" तपासणीवरच्या बाईनं चंचीतून अडकित्ता बाहेर काढला.

"सुपारी कातरायचा हाय."

"धार हाय याला. आत नेता येत न्हाई."

"अवो, मी काय पायलटाला कातरणार हाय का?"

"बाबा, असं बोलू बी नका इथं!" बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, पण त्यांना हसू आवरत नव्हतं. शेवटी अडकित्ता तिथंच राहिला. दाजी हताश होऊन म्हणाले, "सासऱ्यानं दिला होता. आता अख्खी सुपारी तोंडात धरून बसतो बंगळूरपर्यंत."

आत येऊन बसलो. काचेपलीकडं आमचं विमान उभं होतं. लहानसं, जेटचं. दाजींची थट्टा ते बघून संपली. माझ्याकडं सरकून हलक्या आवाजात म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले. खरं सांगा. बसावं का ह्यात?"

हाच प्रश्न अक्कानं विचारला होता. नांदेडच्या त्याच घरात, स्वयंपाकघरात मेथी निवडत. "दिगू, तू शिकलेला. बसावं का रे इमानात?" आमच्या घरात 'सरांना विचारा' ही शेवटची कचेरी असते. औषध बदलायचं, बोअर घ्यायचा, पोरीला कुठली शाखा द्यायची, सरांना विचारा. मला म्हणता आलं असतं, अक्का, मला भीती वाटते. त्याऐवजी मी तिला कॉमेटची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो. कॉमेट हे जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान. इतर विमानांपेक्षा उंच आणि वेगानं उडायचं, आत शांत, प्रवासी खूश. मग अपघात सुरू झाले. उडताना नाक जास्त उचललं गेलं की पंख हवा धरेनात. अशानं काही धावपट्टीवरच गेली. कलकत्त्याहून उडालेलं एक वादळात सापडून मोडलं. आणि मग दोन विमानं, थोड्याच महिन्यांच्या अंतरानं, इटलीजवळ समुद्रावर हवेतच फुटली. वादळ नाही, काही नाही.

अक्काला मी इथवर सांगितलं. "आतली हवा दाबून भरलेली असते, अक्का. फुग्यासारखं फुटलं." तिच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. "नको रं बाबा मग," ती म्हणाली. मी म्हणालो, "बघ तुझं तू." निर्णय तिचा झाला.

आता दाजी माझ्या तोंडाकडं बघत होते. मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. पहिला भाग तोच. मग पुढचा. समुद्राच्या तळातून तुकडे वर काढले, जुळवले. एक अख्खं विमान पाण्याच्या हौदात ठेवलं. आत पाणी दाबून भरायचं, सोडायचं, पुन्हा भरायचं. दर उड्डाणात हवा जे करते तेच. होता होता एक दिवस ते हौदातच फाटलं, आणि फाटायला सुरुवात कुठून झाली ते डोळ्यांना दिसलं.

"कुठून?"

"कोपऱ्यातून. दाजी, बांधकामाची तार हातानं ओढून तुटत नाही. पण तीच इकडं-तिकडं वाकवत राहिलं की तुटते. आणि दुधाची पिशवी? एका ठिकाणी दातानं चीर पाडली की तिथूनच सरकन फाटते. त्या विमानाच्या खिडक्या आणि छतावर अँटेनासाठी ठेवलेल्या खाचा चौकोनी घाटाच्या होत्या. कोपरे थोडे गोल होते, पण पुरेसे नाहीत. सगळा ताण तिथं गोळा व्हायचा आणि दर उड्डाणाला तिथला पत्रा थकत जायचा. कारण कळल्यावर त्यांनी ते जगाला सांगितलं. खिडक्या गोल झाल्या, पत्रा जाड झाला. हे समोरचं विमान त्यातूनच शिकलंय. रस्त्यानं जाण्यापेक्षा ह्यात बसणं कितीतरी सुखरूप."

दाजींनी सुस्कारा सोडला. "मग झालं की. हे असं सांगा ना. जीव भांड्यात पडला."

तिथं मी थांबू शकलो असतो. दाजी बसायला तयार होते.

"दाजी, हीच गोष्ट मी अक्काला सांगितली होती."

"कवा?"

"तिकिटं आली तेव्हा."

"पुरी?"

"न्हाई." लातूरला गेल्यापासून घरची बोली माझ्या तोंडून सुटली होती, ती तेव्हा परत आली. "फुटलं इथवर सांगितली. मला भ्या वाटत होतं. मला बसायचं न्हवतं."

शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी मोबाइलवर भजन लावलं होतं. आमच्या विमानाची घोषणा झाली. दाजी उठले, लाडवांची पिशवी घेतली आणि माझ्यासाठी न थांबता रांगेत जाऊन उभे राहिले.

विमानात ते खिडकीशी आणि मी त्यांच्या शेजारी. विमान धावायला लागलं तशी मी डोळे मिटून खुर्चीचे हात धरले. कधीतरी कानात दडे बसले. डोळे उघडले तेव्हा दाजी माझ्याकडंच बघत होते. खाली गोदावरी वळण घेत होती. रानांचे तपकिरी-हिरवे तुकडे, मधून सरळ जाणारा रस्ता. मी त्या गोल कोपऱ्यांच्या खिडकीकडं बघत राहिलो. तिचा घाट मी फळ्यावर कितीदा काढला होता.

"तिला ठावं होतं?" दाजींनी विचारलं.

हे सांगणं सगळ्यात अवघड होतं. ट्रॅव्हल्समध्ये बसल्यावर अक्कानं शाल पांघरली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "तुलाच भ्या वाटतंय न्हवं रे दिगू?" मी खिडकीचा पडदा ओढत बसलो. ती म्हणाली, "मला सांगायचं की येड्या. भ्या मला बी वाटतंय. पण तुझा हात धरून बसले असते मी. पोरीची हौस झाली असती." मग थोड्या वेळानं म्हणाली, "घरी बोलू नको. सर भ्याले म्हणून पोरं हसतील. मीच नको म्हणले म्हणून सांगते."

दाजींना मी हे शब्दाला शब्द सांगितलं.

त्यांनी तोंड खिडकीकडं केलं. "आन मी एवढी वर्षं तिला हट्टी म्हणून राहिलो," ते म्हणाले. "रोज. हार घालताना."

बंगळूर येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. उतरताना पायऱ्यांवर मात्र त्यांनी माझा कोपर धरला. खाली आल्यावर सोडला. म्हणाले, "पोरीला मी न्हाई सांगायचो. तुम्ही सांगा."

बारसं झालं. घर माणसांनी भरलं होतं. पाळण्यापाशी मैत्रिणी, जेवायला तहरी (मसालेभात) आणि दाजींचे लाडू. भाग्यश्रीनं लेकीला माझ्या मांडीवर ठेवलं. पोरीनं माझं बोट मुठीत धरलं आणि सोडेना. भाग्यश्री हसून म्हणाली, "आजीवर गेलीय, मामा. पण हिला हट्टी नाही होऊ द्यायची."

दाजी समोरच होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. पाहुण्यांच्या गर्दीत कसं सांगायचं, बाळंतीण आहे, दुखवायची नाही: मनात कारणं तयारच होती. मी पोरीच्या मुठीकडं बघत बसलो. दाजी उठून आत गेले.

ते तिथंच राहिले. मी दोन दिवसांनी एकटाच परतलो. परतीच्या विमानातही भीती वाटली. शेजारच्या माणसानं पाणी हवं का विचारलं, तेव्हा मी त्याला म्हणालो, "मला विमानाची भीती वाटते." तो म्हणाला, "मलाही," आणि पेपर वाचायला लागला. एवढंच. जगात काही झालं नाही.

नांदेडहून लातूरच्या बसमध्ये उभ्यानं आलो. अहमदपूरपर्यंत जागा मिळाली नाही. दांड्याला लोंबकळत मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. ज्यांची विमानं पडली त्यांनी समुद्राच्या तळातून स्वतःची चूक उपसून काढली, चीर कुठून सुरू झाली त्यावर बोट ठेवलं आणि ते सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर विमानात बसलेल्या प्रत्येक माणसाला त्याचा उपयोग झाला. हे मी पोरांना शास्त्र म्हणून शिकवलं. त्याला धैर्य लागलं असेल, हे कधी सुचलंच नाही.

दाजींना सांगितलं. आज इथं लिहिलं. पण भाग्यश्री अजून आईवर रुसलेली आहे आणि लेकीला त्याच रुसव्यात वाढवते आहे. तिची आई हट्टी नव्हती. ती विमानात बसायला तयार होती. हे तिच्यासमोर बसून, माझ्या तोंडानं, मला सांगायचं आहे. ते अजून राहिलं आहे.