धुवणाचा रंग

आमच्या ल्यू-श्याताईने तैवानमधल्या कीलुंगच्या बंदरात जन्मभर माशाच्या गोळ्यांचं सूप विकलं. गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावायची, "वाकडं तोंड करून पिऊ नका, माशाला वाईट वाटतं." कुणाच्या बापाला भ्यायली नाही. नवऱ्यापुढे मात्र मऊ.

पोटातलं दुखणं पसरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. माणसाने शेवटचा श्वास आपल्या घरात, देवांच्या खोलीत घ्यावा, हीच तर आस असते. घराबाहेर प्राण गेलेल्याला आम्ही उंबऱ्याच्या आत घेत नाही. त्याच्या अंत्यविधीचा मांडव गल्लीत घालतात.

तिचे यजमान, बून-खिमदाजी, म्हणाले, "देवांच्या खोलीत ओलीने पोपडे आलेत. रंग देतो, मग नेतो." त्यांनी भिंतीवर दोन पट्टे ओढले, एक तांदळाच्या धुवणासारखा, दुसरा राखाडीवर हिरवट झाक असलेला, आणि फोटो ताईला दाखवला.

"धुवणाचा," ताई म्हणाली.

"फोटोत नीट कळत नाही गं. जरा ऊन पडू दे."

बारा महिने पाऊस पडणाऱ्या कीलुंगमध्ये ऊन पडायची वाट बघणार हा माणूस! माझं डोकंच फिरलं. "दाजी, तिला रंग नकोय, घर हवंय." घरी नेणं म्हणजे मरायला नेणं, म्हणून त्यांचा हात चालत नव्हता. रोज नवं निमित्त. हिरवट रंग डोळ्यांना बरा, धुवणाचा लवकर मळेल. ताई दर वेळी तेच उत्तर द्यायची. एकदा माझा हात धरून म्हणाली, "त्याच्यावर चिडू नकोस. पण मला इथे टाकू नका गं."

ती दवाखान्यातच गेली. दाजी तिच्यासाठी सोयाचं दूध आणायला खाली उतरले होते.

मांडव गल्लीत घातला. दाजी घरातल्या थोरल्या काकांच्या पाया पडले. "घटकाभर आत घेऊ द्या तिला."

"बून-खिम, तसं नाही करता येत," काका म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते.

दाजी उठून एकटेच आत गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर ते भिंत रंगवत होते, धुवणाच्या रंगाने. ब्रश हिसकावून घ्यावा असं वाटलं मला.

"आता कशाला, दाजी?"

"तिने सांगितलं होतं ना," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी."

दुपार कलायच्या आत भिंत पुरी झाली. एवढंच तर काम होतं.