शाकाहारी म्हणून विकलेला पक्षी

इंग्लंडमधल्या स्लाऊ गावातल्या एका पक्षीवाल्याने मला फसवलं. किड्यांवर जगणारा पक्षी त्याने शाकाहारी म्हणून माझ्या गळ्यात मारला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तिथल्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या कारखान्यात राबत होतो, बायको दिवसभर घरात एकटी. तिथल्या शांततेने ती कोमेजत चालली होती. म्हणून एका शनिवारी तिला त्या दुकानात नेलं. हिमालयाच्या जंगलातला पेकिन रॉबिन तिथे गात होता. मूठभर जीव, लाल चोच, पिवळा गळा. आणि आवाज असा की ती दारातच थबकली. घासाघीस करून पिंजरा आणि दाण्यापाण्याची भांडी मी पक्ष्याच्याच किमतीत काढली. शेवटी विचारलं, "हा किडे नाही ना खात? आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही."

"छे! फळं द्या. तुमच्यासारखाच शाकाहारी आहे," तो हसत म्हणाला.

आम्ही त्याला केळं दिलं, सफरचंद दिलं, भिजवलेली मुगाची डाळ दिली. थोड्याच दिवसांत गाणं बंद. पिसं फुगवून कोपऱ्यात बसायचा. बायकोलाही जेवण जाईना. मग एका सकाळी एक कोळी पिंजऱ्यात उतरला आणि पक्ष्याने झडप घालून तो गिळला.

"अहो, हा उपाशी आहे!" ती ओरडली. "आपण याला एकादशी घडवतोय!"

केकमध्ये अंडं आहे का, हे विचारल्याशिवाय तुकडा न मोडणारी ही बाई. त्याच दुपारी मासेमारीच्या गळ-दोऱ्या विकणाऱ्या दुकानातून तिने जिवंत अळ्या आणल्या, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून फ्रिजमध्ये ठेवल्या, लोणच्याच्या बरणीशेजारी. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाली, "तुम्हाला नाही वाढत. गप्प बसा."

तो पुन्हा गायला. पुढे कित्येक वर्षं, पार नव्वदच्या दशकापर्यंत, आमची सकाळ त्याच्यापासून सुरू व्हायची. वाफेने धुरकटलेली खिडकी, चहा, त्याची तान, आणि भांडी विसळता विसळता तिने घातलेली शीळ. तसं घर नंतर कधी वाजलं नाही.

मी दुकानात जाऊन भांडलो होतो. पक्षीवाला म्हणाला, "जिवंत आहे ना? मग तक्रार कसली?"

तक्रार ही, की मी स्पष्ट विचारलं होतं. तो खरं बोलला असता तर आम्ही रिकाम्या हाताने परतलो असतो, एवढंच. त्याऐवजी त्याने माझ्या बायकोच्या हातून एका जिवाला उपाशी ठेवलं. कुठे असेल तिथून त्याने याचं उत्तर द्यावं; आणि मला नको, तिला द्यावं.